परगांवची परीक्षा आणि घरची शिदोरी



'देश तसा वेश' ही म्हण माणसांकरितां रूढ झाली. परंतु संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलींनाही ती तंतोतंत लागू पडते. एकच आज्ञावली, तिच्यांतील एक अक्षरही न बदलतां, एका संगणकावर बरोबर उत्तर देते आणि दुसऱ्यावर चुकीचें देते, असा अनुभव हा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकास केव्हांना केव्हां येतोच. आज्ञावली तीच असतां उत्तर निराळें कां यावें? याचें कारण असें कीं, आज्ञावली केवळ आपल्या पोटांतील अक्षरांवर चालत नाहीं. ज्या घरांत ती चालते त्या घरच्या चालीरीति ती विचारून घेते. येथें भाषा कोणती, घड्याळ कोणत्या गांवचें, लागणारीं हत्यारें कोणत्या फळीवर ठेविलेलीं आहेत, हें सर्व ती घराकडून शिकते. घर बदललें कीं हीं उत्तरें बदलतात, आणि त्यांबरोबर तिचें वागणेंही बदलतें.

ही गोष्ट केवळ मोठ्या शहरांतील तज्ज्ञांच्या कुतूहलाची राहिलेली नाहीं. समजा, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत करडी या गांवीं एक तरुण घरीं बसून हें काम करीत आहे. हल्लीं अशी सोय झाली आहे कीं, आज्ञावली करडीस लिहावी आणि तिची चाचणी शेंकडों कोसांवरील एखाद्या संगणकावर व्हावी. त्याच्याकडे आलेलें काम असें : धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे अर्ज ३१ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत घ्यावयाचे; त्यानंतर आलेला अर्ज परत करावयाचा. तरुणानें आज्ञावली लिहिली आणि तिच्यासाठीं एक चाचणी नेमून दिली. १ ऑगस्टच्या पहाटे तीन वाजतां आलेला अर्ज परत झाला पाहिजे. घरच्या संगणकावर तो परत झाला. दूरच्या संगणकावर तोच अर्ज बिनतक्रार स्वीकारला गेला.

दूरचा संगणक यूटीसी नांवाच्या जागतिक वेळेवर चालत होता, आणि ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपांच तास मागें असते. करडीस १ ऑगस्टच्या पहाटेचे तीन वाजले, तेव्हां त्या संगणकाच्या घड्याळांत ३१ जुलैच्या रात्रीचे साडेनऊच झाले होते. त्याच्या दृष्टीनें मुदत संपावयास अजून अडीच तास अवकाश होता. ही तफावत कोणाच्या नजरेस आली नसती तर काय झालें असतें? एका यंत्रानें अर्जाची पोंच दिली असती. पुढें भारतीय तारीख पाहणाऱ्या दुसऱ्या कचेरीनें तोच अर्ज उशिराचा म्हणून परत केला असता. आणि मधल्या मधें रोवणीच्या चिखलांतून वेळ काढून आलेला शेतकरी हातांत पोंच असूनही रिकामा गेला असता.

ज्यांस हें नवल वाटेल त्यांनीं मुंबईचा जुना इतिहास आठवावा. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. परंतु मुंबई शहरांत 'मुंबई टाइम' म्हणून ओळखली जाणारी स्थानिक वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असलेली, १९५५ पर्यंत चालू राहिली. कलकत्त्याची निराळी वेळही १९४८ पर्यंत टिकली. त्या काळीं मुंबईस कोणी दहा वाजतां भेटावयास बोलाविलें, तर 'कोणत्या घड्याळाचे दहा?' हा प्रश्न विचारणें भाग असे. ज्यानें तो विचारला त्याची गाडी चुकली नाहीं. संगणकाची अडचण मात्र ही कीं, तो प्रश्न विचारीत नाहीं. ज्या घरांत आहे त्या घराचें घड्याळ तो मुकाट्यानें खरें मानतो.

आतां हें घरचें ज्ञान आज्ञावलीपर्यंत पोंचतें कसें तें पाहिलें पाहिजे. बेल प्रयोगशाळेंत तयार झालेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तींत, म्हणजे १९७९ सालीं, यासाठीं एक सोपी युक्ति योजिली गेली. कांहीं नांवें आणि प्रत्येक नांवासमोर एक मूल्य, अशी एक लहानशी यादी प्रत्येक चालत्या आज्ञावलीच्या हातीं द्यावयाची. व्यवहारांत यांस 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल' म्हणतात. या भाषणापुरता त्यांसाठीं 'परिसरचल' हा शब्द योजिला आहे. 'पाथ' या चलांत हत्यारांच्या जागा असतात. 'होम' मध्यें वापरणाऱ्याच्या घरचा पत्ता असतो. 'लँग' मध्यें भाषा व तिची रीत, आणि 'टीझेड' मध्यें घड्याळाचा प्रदेश असतो. भारतासाठीं या शेवटच्या चलांत 'एशिया/कोलकाता' असें लिहितात.

या यादीचा वारसा बापाकडून मुलाकडे जातो. एक आज्ञावली दुसरीस जन्म देते तेव्हां ती आपल्या यादीची नक्कल तिच्या हातीं देते. नक्कल असल्यामुळें मुलानें तिच्यांत कांहीं खोडलें किंवा वाढविलें तरी बापाच्या मूळ यादीस धक्का लागत नाहीं. एका संगणकाच्या चार भिंतींत ही व्यवस्था इतकी सुरळीत चालते कीं, तिचें अस्तित्वही कोणास जाणवत नाहीं.

अडचण येते ती उंबरठा ओलांडतांना. करडीचा तरुण दूरच्या संगणकास 'ही चाचणी चालव' अशी आज्ञा पाठवितो, तेव्हां त्या चाचणीचा जन्म करडीच्या घरांत होत नाहीं. तिकडच्या संगणकावर बसलेला एक द्वारपाल ती आज्ञा ऐकतो आणि स्वतः चाचणीस जन्म देतो. म्हणून तिला वारसा मिळतो तो त्या परक्या घराचा. तरुणानें आपल्या घरीं 'टीझेड' कितीही काळजीपूर्वक लिहून ठेविलें असलें तरी तें तेथें आपोआप पोंचत नाहीं. पुष्कळांची समजूत असते कीं, आज्ञा गेली म्हणजे तिच्याबरोबर घरही गेलें. आज्ञा जाते, घर मागें राहतें. आणि सारा घोटाळा या समजुतींतून होतो.

घड्याळाप्रमाणेंच भाषेचेंही आहे. शाळेच्या हजेरीपटांत नांवें वर्णानुक्रमें लावावयाचीं आहेत असें धरून चालावें. मराठी वर्णमालेंत ळ हा वर्ण ह च्या नंतर येतो. त्यामुळें 'कावळे' हें आडनांव आधीं आणि 'काळे' नंतर आलें पाहिजे. युनिकोड या जागतिक लिपिसंग्रहांत मात्र ळ चा अनुक्रमांक ल च्या लगेच पुढचा, म्हणजे व च्या आधींचा आहे. ज्या संगणकास मराठीची रीत सांगितलेली नाहीं तो केवळ अनुक्रमांक पाहतो आणि 'काळे' यांस 'कावळे' यांच्या आधीं बसवितो. मराठीची रीत बसविलेल्या घरच्या संगणकावर जी चाचणी उत्तीर्ण होते, तीच अशा दूरच्या संगणकावर नापास होते.

येथें आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, 'लँग' मध्यें मराठीचें नांव लिहून पाठविलें म्हणजे काम झालें असें नाहीं. तिकडच्या संगणकावर मराठीची रीत बसविलेलीच नसेल, तर नुसत्या नांवाचा उपयोग काय? ज्या गांवीं मराठी जाणणारा कोणी नाहीं तेथें मराठींत पत्र पाठविण्यासारखेंच तें होय. दुसरी गोष्ट, 'एलसी-ऑल' नांवाचें एक चल या कुटुंबांत वडील आहे. तें तिकडे आधींच ठरवून ठेविलेलें असेल तर धाकट्या 'लँग'चें कोणी ऐकत नाहीं. तात्पर्य, चल पोंचलें किंवा नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं; तें मानलें गेलें किंवा नाहीं हेंही पाहावें लागतें.

मग घरची संपूर्ण यादीच बरोबर पाठवावी, असा सोपा उपाय कोणासही सुचेल. या बाबतींत दोन परस्परविरोधी चाली जगांत रूढ आहेत. मोठ्या महासंगणकांवर कामें रांगेंत लावून चालविलीं जातात; ही रांग सांभाळणाऱ्या आज्ञावलींपैकीं 'स्लर्म' ही, दुसरें कांहीं सांगितलें नाहीं तर, काम देणाऱ्याचीं सर्व परिसरचलें कामाबरोबर पाठविते. 'पीबीएस' ही तिची दुसरी बहीण मात्र तशी स्पष्ट खूण केल्याखेरीज तीं सर्व पाठवीत नाहीं. महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. आणि पुण्याच्याच आयसर संस्थेंत २०१९ पासून 'परम ब्रह्म' हा त्याच वंशांतील महासंगणक काम करूं लागला. अशा यंत्रावर काम लावणाऱ्या विद्यार्थ्यास दारापाशींच हा प्रश्न भेटतो. घरचें सगळें न्यावें, कीं कांहींच नेऊं नये?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. खेड्यांतील मुलगा परगांवच्या केंद्रावर परीक्षेस निघतो तेव्हां घरचीं माणसें काय करतात तें पाहावें. लेखणी आणि प्रवेशपत्र त्याच्या हातीं मोजून दिलें जातें. घरचें टेबल व खुर्ची कोणी पाठीवर बांधून देत नाहीं. तीं केंद्रावर असतातच. आणि तिजोरीची किल्ली तर कोणी शहाणा मनुष्य त्याच्या खिशांत घालीत नाहीं. परिसरचलांचे असेच तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग जागेशीं बांधलेल्या चलांचा. 'होम' आणि 'पाथ' हीं त्यांत मुख्य होत. करडीच्या संगणकावरील घराचा पत्ता दूरच्या संगणकावर अस्तित्वांतच नसतो. 'पाथ' पाठविला तर चाचणी तिकडे नसलेल्या फळ्यांवर हत्यारें शोधीत बसते, अथवा त्याच नांवाचें पण निराळ्या जातीचें हत्यार उचलते. हीं चलें ज्या घरचीं त्या घरींच ठेवावीं.

दुसरा वर्ग अर्थाशीं बांधलेल्या चलांचा. वेळ कोणती, भाषा कोणती, चाचणीनें खऱ्या दप्तरास हात लावावा कीं सरावाच्या, हें ज्यावरून ठरतें तीं चलें याच वर्गांतलीं. हीं नेलींच पाहिजेत, आणि तींही एकेक नांव घेऊन. यासाठीं साधनांची वाण नाहीं. फिनलंडच्या टाटू यलोनेन यांनीं १९९५ सालीं रचलेल्या एसएसएच या सुरक्षित दूरसंचार-पद्धतीच्या 'ओपनएसएसएच' या आवृत्तींत २००४ पासून अशी सोय आहे कीं, पाठविणाऱ्यानें 'हीं चलें पाठवितों' अशी यादी लिहावी आणि घेणाऱ्यानें 'हीं चलें घेतों' अशी दुसरी यादी लिहावी; दोहोंत जें नांव असेल तेंच पलीकडे जातें. 'डॉकर' या साधनांत चालविण्याच्या वेळीं चलाचें नुसतें नांव दिलें कीं त्याचें घरचें मूल्य उचलून पेटींत घातलें जातें. पायथन भाषेंतील चाचण्या चालविणारें 'टॉक्स' हें साधन २०१५ पासून मोजकींच चलें आंत सोडतें. बाकीचीं हवीं असल्यास त्यांचीं नांवें लिहून द्यावीं लागतात. हीं साधनें निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या वेळीं घडविलीं, परंतु अनुभवानें तीं सर्व एकाच निर्णयावर आलीं. जें न्यावयाचें त्याचें नांव घ्यावें.

तिसरा वर्ग गुपितांचा, म्हणजे परवलीचे शब्द आणि किल्ल्या यांचा. हीं अनेकदां सोयीसाठीं परिसरचलांतच लिहून ठेविलेलीं असतात, आणि म्हणूनच 'सगळें पाठवा' ही चाल धोक्याची ठरते. कोडकव्ह नांवाची एक कंपनी, आज्ञावलीचा किती भाग चाचण्यांनीं तपासला गेला याचें मोजमाप करून देते. तिच्या एका लहान आज्ञावलींत ३१ जानेवारी २०२१ पासून कोणी परक्यानें बदल करून ठेविला होता. तो १ एप्रिल रोजीं उघडकीस आला. तेवढ्या अवधींत, जेथें जेथें ती आज्ञावली दूरस्थ चाचण्यांत चालली, तेथील परिसरचलांची यादी त्या परक्याच्या संगणकाकडे जाऊं शकत होती. ग्राहकांना आपल्या किल्ल्या बदलून घेण्याचा सल्ला द्यावा लागला. हॅशिकॉर्प या प्रसिद्ध कंपनीस तर, आपला माल आपलाच आहे हें सिद्ध करणारी सहीची किल्लीच बदलावी लागली. ज्यांच्या चाचण्यांत कामापुरतींच चलें होतीं त्यांचें नुकसान तेवढ्यापुरतें राहिलें. ज्यांनीं सारें घर बरोबर पाठविलें होतें त्यांस साऱ्या घराचीं कुलुपें बदलावीं लागलीं.

घेणाऱ्याच्या बाजूनेंही सावधगिरी हवी. 'बॅश' या युनिक्सवरील सर्वत्र पसरलेल्या आज्ञावलींत एक दोष सुमारें पंचवीस वर्षें लपून होता. परिसरचलाच्या मूल्यांत विशिष्ट प्रकारें मजकूर लिहिला कीं तो मजकूर आज्ञा म्हणून चालविला जाई. स्तेफान शाझेलास यांनीं तो शोधून काढला आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तो 'शेलशॉक' या नांवानें जगास कळला. दारांतून आलेली शिदोरी तपासल्याशिवाय आंत घेऊं नये, हा धडा त्या दिवशीं पुष्कळांनीं घेतला. वस्तुतः एसएसएचच्या २००६ सालच्या नियमग्रंथांत, वाटेल तें चल बाहेरून स्वीकारणें धोक्याचें आहे असा इशारा त्यापूर्वींच दिलेला होता.

परंतु या व्यवस्थेंत एक फसवी जागा आहे, आणि नवशिके तेथेंच अडखळतात. पाठविणाऱ्याच्या यादींत नांव आहे, पण घेणाऱ्याच्या यादींत नाहीं, असें झालें तर एसएसएचचा द्वारपाल तें चल बाजूस टाकतो. आणि टाकलें असें कळवीत नाहीं. चाचणी रिकाम्या हातानें सुरू होते. रिकामें मूल्य हें चुकीच्या मूल्याहून अधिक घातक ठरूं शकतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. लिनक्सवरील 'स्टीम' या खेळांच्या आज्ञावलींत एका चलांतील पत्त्याखालचें सर्व कांहीं पुसून टाकावें अशी एक ओळ होती. जानेवारी २०१५ मध्यें असें उघडकीस आलें कीं, कांहीं प्रसंगीं तें चल रिकामें राही. पत्ता रिकामा म्हणजे संगणकाचें मूळच. त्यामुळें ज्याच्याकडे हें घडलें त्याच्या स्वतःच्या फायली पुसल्या गेल्या. याच्यावर उपाय एका ओळीचा आहे. चाचणीच्या आरंभींच प्रत्येक आवश्यक चल हजर आहे काय, हें हजेरी घेतल्याप्रमाणें नांवानिशीं विचारावें. एक जरी गैरहजर असलें तरी तेथेंच थांबावें आणि कोणतें गैरहजर तें स्पष्ट सांगावें. थांबलेली चाचणी त्रास देते खरी. पण रिकाम्या हातानें उत्तीर्ण झालेली चाचणी खोटा भरंवसा देते.

आतां पुन्हां त्या करडीच्या तरुणाकडे वळावें. त्यानें काय करावें? आज्ञावलीच्या दप्तरांत एक छोटी यादी ठेवावी. या चाचणीस कोणतीं चलें लागतात, प्रत्येकाचा अर्थ काय, आणि नमुन्याचें मूल्य कोणतें, एवढेंच तिच्यांत असावें. गुपित मात्र एकही नसावें. वेळ व भाषा हीं चलें चाचणीच्या आज्ञेंतच उघडपणें लिहावीं, म्हणजे ती चाचणी करडीस चालो, पुण्यास चालो वा परदेशीं चालो, अर्जाची मुदत भारतीय घड्याळानेंच मोजली जाईल. परवलीचे शब्द दूरच्या संगणकाच्या स्वतंत्र तिजोरींत ठेवावेत. ज्या एका पायरीस लागतील त्या पायरीलाच द्यावेत, आणि थोड्या अवधीनंतर ते निरुपयोगी होतील अशी व्यवस्था करावी. निकालाच्या कागदावर परिसरचलांची संपूर्ण यादी छापण्याची संवय अनेकांस असते. ती सोडून द्यावी, कारण तो कागद पुष्कळांच्या हातीं जातो.

याहून एक पाऊल पुढें जातां आलें तर अधिक चांगलें. ज्या आज्ञावलीस तारखेचा निर्णय करावयाचा आहे तिनें तो घराच्या घड्याळावर सोडूंच नये. 'भारतीय प्रमाणवेळेप्रमाणें ३१ जुलै' असें तिच्या स्वतःच्याच अक्षरांत लिहिलेलें असावें. जेवढें स्वतःच्या पोटांत आहे तेवढें पाठविण्याची गरज पडत नाहीं. शिदोरी जितकी लहान, तितका प्रवास सुखाचा.

दूरस्थ चाचणीचा हेतु, आज्ञावली परक्या घरींही सरळ वागते किंवा नाहीं, हें पाहण्याचा असतो. घरचें सर्व कांहीं बरोबर नेलें तर ती परीक्षा परगांवची राहत नाहीं, घरचीच होते. आणि घरीं तर ती आधींच उत्तीर्ण झालेली असते. कांहींच नेलें नाहीं तर परीक्षा आज्ञावलीची न होतां तिकडच्या घड्याळाची आणि भाषेची होते. यासाठीं चाचणी नेमणाऱ्यानें आधीं विचार करून ठरवावें कीं, आपल्या कामांत कोणती गोष्ट ठाम राहिली पाहिजे आणि कोणती बदलली तरी चालेल. जी ठाम राहावयास हवी तिचें नांव लिहून ती बरोबर द्यावी, आणि ती पोंचली याची खात्री करून घ्यावी. हें काम अर्ध्या तासाचें आहे. तें करडीस बसून नीट झालें, तर ३१ जुलैच्या रात्रीं पोंच घेऊन घरीं गेलेल्या शेतकऱ्यास ती पोंच दुसऱ्या कचेरींतही खरी ठरेल.